पंचमीले टिकास

सुलोचनाबाई वारुळाला दूध पाजून वावरात आली, तेव्हा तिच्या धुऱ्यावर, वावराच्या कडेला, एक पांढरी गाडी चढून उभी होती. गाडीच्या पोटाखाली तुरीच्या दोन ओळी. गुडघ्याएवढी झालेली तूर चिखलात नाक खुपसून पडलेली.

गाडीतून तिघं उतरले. दोन पोट्टे, एक पोट्टी. अंगात रबरी कपडे, डोक्यावर टोप, टोपावर दिवा. दिवसाढवळ्या.

"कोनाच्या बापाचं वावर समजले हे?" सुलोचनाबाईनं लांबूनच विचारलं.

त्यातला उंच तो सुमीत. वर्ध्याच्या नालवाडीत शिकवणी चालवतो. तोंडात साखर धरून म्हणाला, "मावशी, पुढं रस्ताच नव्हता हो. परत येताना काढतोच गाडी."

"गाडी तू काढशीन. तूर कोन उभी करन?"

"चुकलं मावशी," पोट्टी म्हणाली. तिचं नाव मैत्रेयी. "आम्हाला वाघभुयार मोजायचंय. त्याचा नकाशा अजून कुणी काढलाच नाही."

"मोजून काय करशीन? विकाचं हाये?"

"नाही हो. आत काय आहे ते बघायचं."

"आत अंधार हाये. लाइन गेली का आमच्या घरी बी असते थो. त्याच्यासाठी पेट्रोल जाळत आले काय वर्ध्याहून?"

तिसरा निशांत, बँकेत कारकून, तो खाली मान घालून दोराची गुंडाळी सोडवत राहिला. त्याला बाईच्या तोंडाची धास्ती बसली होती. बसायलाच पाहिजे. नवरा गेल्यापासून सुलोचनाबाई ते वावर एकटी करते, आणि एकट्या बाईचं वावर तोंडावरच टिकतं, हे आमच्या खरसोंडीत सगळ्यांना ठाऊक आहे.

"आज नागपंचमी हाये," ती म्हणाली. "आज चुलीवर तवा नाई ठेवला कोनी. विळ्याले हात नाई लावला. जमिनीच्या आंगात आज सुई बी टोचत नाई, अन् तुमी तिच्या पोटात शिरता?"

"आम्ही कुठं खणतोय मावशी," सुमीत हसला. "नुसतं आत जाऊन येतो."

शिकलेल्या माणसाचं उत्तर असं असतं. खणणं आणि शिरणं वेगळं. कायद्यात बसतं.

"जा मंग," सुलोचनाबाई म्हणाली. "मरा."

हे शेवटचं बोलणं शेजारच्या वावरात नलूनं ऐकलं. नलूच्या कानात शब्द गेला की तो गावाच्या दुसऱ्या टोकाला तिच्या आधी पोचतो.

आता भुयार कुठं आणि पाणी कुठं, ते सांगतो. तळेगावपासून आत, डोंगराच्या पायाशी आमचं गाव. डोंगरातून नाला उतरतो. त्या नाल्याच्या काठाला, पाण्याच्या थोडं वर, भुयाराचं तोंड. माणूस वाकून शिरतो. शिरल्यावर भुयार आधी खाली जातं आणि मग आत चढत चढत खोलीएवढं मोठं होतं. पहिले नाला तिथून सरळ खाली वाहायचा. जिथून वाहायचा तिथं आज हिरालालचा संत्र्याचा बगीचा आहे. हिरालाल तळेगावचा दुकानदार. इथं जमीन घेतली, नाल्याच्या वाटेवर मातीचा उंच बांध घातला, वाट बुजवून झाडं लावली. अडलेल्या पाण्याचा तलाव झाला आणि त्याचं पाणी भुयाराच्या उंबऱ्यापर्यंत आलं. जास्तीचं पाणी जायला डाव्या अंगाला दगड रचून सांडवा काढला. त्या सांडव्याखाली सुलोचनाबाईचं वावर. दर पावसाळ्यात सांडवा वाहतो आणि तिची काळी माती खरडून नेतो. ग्रामसभेत तिनं दरवर्षी बोंब मारली. सरपंच रूपराव दरवर्षी एकच बोलला, "बाई, पानी गावाचं हाये." पाणी गावाचं, संत्री हिरालालची, आणि खरड तिची.

त्या दिवशी गावात पाऊस नव्हता. ऊन पडलं होतं, बायका नवी लुगडी नेसून वारुळाकडून परतत होत्या, गडी मारोतीच्या पारावर बसून नागोबाच्या बाऱ्या म्हणत होते. पण डोंगर काळा झाला होता. वर पडलेला पाऊस खाली यायला वेळ लागतो, आणि येतो तेव्हा सांगून येत नाही.

निशांत भुयाराच्या तोंडाशी दोर धरून बसला होता. घरी फोन करायचा म्हणून रेंज शोधत तो गाडीपर्यंत गेला. परत आला तेव्हा तोंड नव्हतं. जिथं तोंड होतं तिथं लाल पाणी होतं, आणि खडकाला बांधून ठेवलेला दोर त्या पाण्यात गेलेला.

तो रबरी कपड्यातच पारावर धावत आला. "आत दोघं आहेत," एवढंही त्याला धड बोलता येईना.

गावाचा पहिला प्रश्न काय असावा? "कोनाले इचारून शिरले तुमी?" रूपरावानं विचारला.

"अहो, पाणी भरलंय."

"हाव, पन परवानगी कोनाची?"

नलूनं तोवर आपलं काम केलं होतं. "सुलोचनानं शाप देल्ला त्याईले. माह्या या कानानं आयकला. मरा म्हनली, अन् पाह्य, पंचमीच्या दिवशी लागला."

सगळं गाव बांधावर जमलं. पाणी चढत होतं, लाल, फेसाळ, वर काडीकचरा आणि कुणाची तरी प्लॅस्टिकची चप्पल. भुयाराच्या डोक्यावर डोंगराच्या अंगाला एक फट आहे, पातेल्याच्या तोंडाएवढी. उन्हाळ्यात तिच्यातून थंड हवा येते. त्या फटीतून आता शिट्टी ऐकू येत होती. मग शिट्टी थांबली आणि आवाज आला, "कोणी आहे का?"

सुलोचनाबाई तिथं पोचली तेव्हा बायका तिच्यापासून दोन हात सरकल्या. "आली पाह्य," कुणीतरी म्हणालं. तिनं कुणाकडं बघितलं नाही. फटीपाशी पालथी पडली आणि तोंड आत घातलं.

"ए पोट्टे. जित्ती हायेस काय?"

"हो. मावशी, तुम्ही? पाणी वर येतंय. आम्ही मागच्या खडकावर चढून बसलोय. सुमीतचा पाय सटकला, त्याला उभं राहता येत नाही."

"पानी कुठवर हाये?"

"पोटऱ्यांपर्यंत आलंय."

"येईनच. तुले सकाळीच सांगतलं."

मग पोट्टीचं रडं. सुलोचनाबाईला रडणं खपत नाही. "रडू नको. रडून पानी वाढवशीन. अन् झोपजो नको. झोपली त वरून गोटे टाकीन. थो उंटासारखा पोट्टा काय करून राह्यला?"

"तो बोलत नाहीये जास्त."

"त्याले म्हन, बोल. माह्या तुरी तुडवल्या तवा लय गोड बोलत होता."

इकडं बांधावर रूपराव फोन लावत होता. बचावपथक नागपूरहून निघालं, असं पलीकडून कळलं. मग कळलं, तळेगावच्या अलीकडच्या पुलावरून पाणी चाललं, पथक पलीकडं अडकलं. मग फोनच लागेना.

"बांध फोडा ना," निशांत म्हणाला. "बांध फोडला तर पाणी उतरेल. तो JCB उभाच आहे."

JCB हिरालालच्या बगीच्यात, लिंबाखाली उभा होता. हिरालाल बांधावरच होता, पांढरा पायजमा, कपाळाला पंचमीचा गंध. त्याचा हात खिशावर गेला. चावी त्या खिशात होती, हे त्या हातानं सगळ्यांना सांगितलं.

"देखो भाऊ," हिरालाल म्हणाला, "मी नाई नाई म्हनत. पन आज पंचमी हाये. आज जमिनीत लोखंड घालत नाई आपन. नागदेवता कोपला त एका घरावर नाई कोपनार, साऱ्या गावावर कोपन. मी माह्या एकट्याचं बोलून नाई राह्यलो."

गडी पायाच्या बोटांकडं बघू लागले. कोणी म्हणालं, बात खरी हाये. कोणी म्हणालं, उद्या सकाळी पाहू. निशांत एकेकाच्या तोंडाकडं बघत होता, हे लोक कोणत्या गावचे असं.

"अहो, उद्या सकाळपर्यंत ते मरतील."

"पोराहो, आमी काय तुमाले बोलावलं होतं?" रूपराव म्हणाला. पण म्हणून झाल्यावर त्यालाही बरं वाटलं नसावं, कारण उद्या पेपरात कोणाचं नाव येणार हे सरपंचाला कळतं. डोकं खाजवून त्यानं तोड काढली. "असं करू. सांडव्याचे गोटे काढू. गोटे काढनं म्हंजे काई खननं नाई. जमिनीले लोखंड लागत नाई. पानी तिकडून निंगून जाईन."

"अन् खाली माह्यं वावर हाये थे?" फटीपासून सुलोचनाबाई उठून आली.

"बाई, दोन जिवाचा सवाल हाये. वावर मोठं का जीव मोठा?"

"जीव मोठा. मंग त्याचा बगीचा काप."

गड्यांच्या माना हिरालालकडं वळल्या.

"बगीचा फळावर हाये, बाई," हिरालाल म्हणाला.

"अन् माही पऱ्हाटी काय लगनाले उभी हाये?"

"तुमच्या वावरात तसंही दरसाल पानी जातेच ना."

हे वाक्य हिरालालनं बोलायला नको होतं. पण बोलला, आणि गावातल्या निम्म्या गड्यांनी माना डोलावल्या. जिथून दरवर्षी जातं तिथून यंदाही जाऊ द्या. ज्याची दरवर्षी मरते त्याचीच यंदा मरू द्या, सवय असते त्याला.

मग गडी सांडव्यावर तुटून पडले. पंचमी म्हणून ज्यांचे हात मघा गळून गेले होते तेच हात आता बैलाएवढाले दगड उचलून फेकत होते. केवढी घाई, केवढी माणुसकी. सुलोचनाबाई मध्ये आडवी झाली तर दोघांनी तिला खांद्याला धरून बाजूला केलं, "बाई, असं काऊन करता, पोरं हायेत आत," असं म्हणत.

दगड हलले तसं पाणी सुटलं. आधी कपाशीची पऱ्हाटी गेली, मुळासकट, जशी कुणी केसाला धरून ओढावी. मग तुरी. मग धुरा फुटला आणि पांढरी गाडी बाजूला कलली, पाण्यात फिरली आणि खालच्या चरात जाऊन तोंडावर पडली. निशांत बघत राहिला. काळी माती लाल पाण्यात मिसळून चालली होती, आणि तिच्या मागं पिवळा मुरूम उघडा पडत होता.

तलाव हातभर उतरला आणि थांबला.

सांडव्याच्या तळाशी काळा पाषाण आहे. त्याच्या खाली पाणी जाऊच शकत नाही. हे काही कोणाला नवीन नव्हतं. गावातल्या शेंबड्या पोराला विचारा, तो सांगेल, सांडवा पाषाणावर आहे. रूपरावाला माहीत होतं, हिरालालला माहीत होतं, दगड उपसणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं. तरी उपसले. काहीतरी केलं असं दिसायला पाहिजे होतं, आणि करायला सगळ्यात सोपं होतं ते सुलोचनाबाईचं वावर.

वरून डोंगराचं पाणी येतच होतं. भुयाराचं तोंड बुडालेलंच.

"कमरेपर्यंत आलं," फटीतून मैत्रेयीचा आवाज आला. मघापेक्षा बारीक. "मावशी, आहात ना?"

मावशी नव्हत्या. मावशी आपल्या वावराच्या वरच्या कोपऱ्यात उभ्या होत्या, जिथं अजून थोडी जमीन उरली होती. तिथं तिची झोपडी आहे, अवजारं ठेवायची. ती आत गेली आणि खणायची टिकास घेऊन बाहेर आली.

त्या वेळी तिच्या मनात काय होतं, यावर लोक आता फार गोड बोलतात. म्हणतात, शेवटी बाई आहे, आईचं काळीज. मी तिला पुढं एकदा विचारलं. ती म्हणाली, "पोट्टे डोक्यात होते का नाई मले आठवत नाई. हिरालालचा बगीचा होता." आता हे ज्याला आवडत नसेल त्याला न आवडो. गावातली सगळी दया सांडव्याच्या पाषाणावर येऊन थांबली होती. पुढं गेला तो राग.

ती बांधाच्या मधोमध आली, जिथून नाल्याची जुनी वाट होती, आणि टिकास डोक्यावर नेऊन मातीत मारली.

बायकांच्या तोंडून एकच आवाज निघाला, विंचू चावल्यासारखा.

"बाई, हात आवर," हिरालाल धावत आला. "पंचमी हाये आज."

"पंचमी माह्या वावरातून वाहून गेली," ती म्हणाली आणि दुसरा घाव घातला.

त्यानं टिकासीचा दांडा धरला. "नागाचा शाप घेशीन डोक्यावर. तुह्यं काय, तू मरशीन, गाव मरन त्याचं काय?"

"सोड, हिरालाल. लोखंड जमिनीत जाईन का तुह्या पायात, हे मले बी सांगता येत नाई आता."

ती ओरडली नव्हती. म्हणूनच त्यानं दांडा सोडला. "रूपराव, पाह्यता काय," तो म्हणाला, पण रूपराव फोनकडं बघत होता, ज्याला रेंज नव्हती.

वर्षानुवर्षं दबून घट्ट झालेली बांधाची माती ढेकळाएवढीच निघत होती. एकट्या बाईचं काम नाही ते. ती घाव घालायची, माती पायानं सारायची, पुन्हा घाव. लुगडं गुडघ्यावर खोचलेलं, अंबाडा सुटलेला. फटीपाशी निशांत ओरडून आत सांगत होता, "खणायला सुरुवात झाली, मैत्रेयी, खणायला सुरुवात झाली." मग त्याचं त्यालाच काही वाटलं, तो फट सोडून धावत आला आणि हातानं माती ओढू लागला.

त्यानंतर नलू आली. घरून सब्बल, लोखंडी पहार, घेऊन आली होती, गर्दीतून लपवत, पदराखाली.

"तू काऊन आली वं?" सुलोचनाबाईनं दम घेत विचारलं. "मी मरा म्हनलं थे गावभर केलं तू."

"केलं. म्हनलं होतं का नाई तू?"

"म्हनलं होतं."

"मंग. आता तोंड बंद कर अन् तिकडे सरक."

नलूनं सब्बल रोवली आणि पहिल्यांदाच मोठा तुकडा सुटला. मग म्हातारी रुख्माबाई, जिच्या शब्दावर आमच्या गावात सण-वार, सुतक-सोयर चालतं, काठी टेकत बांधावर चढली. हिरालालच्या तोंडावर थोडा रंग आला. त्याला वाटलं, आता म्हातारी थांबवणार.

रुख्माबाईनं काठी बाजूला ठेवली, खाली बसली आणि दोन्ही हातांनी माती उकरू लागली.

"मावशी, आज पंचमी," हिरालाल म्हणाला.

"लोखंड कुठी हाये माह्या हातात?" म्हातारी म्हणाली. "हातानं उकरलं त चालते. नागोबाचं बीळ उंदीर हातानंच उकरते, त्याले कोनी पाप लावते काय?"

शास्त्र म्हणून हे कुठवर टिकतं मला माहीत नाही. पण बायकांना तेवढं पुरलं. दहा-पंधरा जणी नव्या लुगड्यांनिशी चिखलात बसल्या आणि हातानं माती मागं ओढू लागल्या. मेंदी लावलेले हात, बांगड्या मनगटावर सारलेल्या. लोखंड फक्त दोन, सुलोचनाबाईचं आणि नलूचं. गडी काठावर उभे होते. कोणी विडी पेटवली.

आधी करंगळीएवढी धार सुटली. मग ती मनगटाएवढी झाली. मग बांध आतून हलला.

"उठा, बायाहो, निंगा," सुलोचनाबाई ओरडली, आणि बायका उठून पळाल्या. तिच्या पायाखालची माती गेली तेव्हा तिचा पदर नलूच्या मुठीत होता. नलूनं ओढलं, पदर फाटला, पण तोवर सुलोचनाबाईची बोटं दगडाच्या खाचेत रुतली होती. दोघी चिखलात पालथ्या पडल्या, आणि त्यांच्या पायापासून चार बोटांवरून तलाव चालू लागला.

तो आवाज मी आयुष्यात विसरणार नाही. नाला आपल्या जुन्या वाटेनं असा गेला, जसा तो इतकी वर्षं तिथंच बसून वाट बघत होता. झाडं उभी होती आणि मग नव्हती. हिरवी, लिंबाएवढी संत्री पाण्यावर उड्या मारत चालली. JCB च्या चाकाखालची जमीन गेली आणि तो गुडघे टेकलेल्या बैलासारखा पुढं वाकला. चावी अजून हिरालालच्या खिशात होती.

भुयाराचा वरचा ओठ दिसला. मग काळी रेघ. मग माणूस वाकून शिरेल एवढं तोंड.

आता गडी धावले. आता सगळ्यांना जागा पाहिजे होती. निशांत दोर घेऊन आत शिरला, त्याच्या मागं दोघं, तिघं, आणि तोंडाशी एवढी गर्दी की बाहेर येणाऱ्याला वाट मिळेना. पहिले मैत्रेयी बाहेर आली, ओठ निळे, हातापायाची कातडी पांढरी पडलेली. मग सुमीत, दोघांच्या खांद्यावर. त्याचा पाय घोट्याशी वांग्यासारखा सुजला होता.

मैत्रेयी हात पसरून सुलोचनाबाईकडं आली. "मावशी, तुम्ही—"

"हात जोडू नको," सुलोचनाबाई म्हणाली. "आंग पूस अन् घरी जा. तुह्या मायले सांग, पोट्टीले घरात काम लाव."

संध्याकाळ व्हायला आली तेव्हा पथक आलं. भगवे जाकीट, मोठा टेम्पो, हवा भरायची बोट. बोट उतरवायला पाणी उरलं नव्हतं. मग त्यांनी ती टेम्पोतच ठेवून फोटो काढले. त्यांच्या मागून तालुक्याचा पेपरवाला आला. तोवर हिरालालनं पायजम्याला चिखल लावून घेतला होता, डोक्याला रुमाल बांधला होता, आणि वाकलेल्या JCB शेजारी उभा होता. पेपरवाल्यानं विचारलं, "भाऊ, बांध कोणी फोडला?" हिरालालनं आधी बगीच्याकडं पाहिलं, मग आभाळाकडं. "दोन जिवाच्या पुढे बगीचा काय," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी नलू पेपर घेऊन वावरात आली. सुलोचनाबाई मुरमावर बसून होती.

"पाह्य वं, कुत्तरड्यानं काय छापलं. म्हने, व्यापाऱ्यानं स्वतःचा बांध फोडून दोघाईले वाचवलं. फोटू पाह्य. चाल, तळेगावले जाऊ, त्या पेपरवाल्याच्या तोंडात शेन घालू."

सुलोचनाबाईनं पेपर हातात घेतला. अक्षर तिला जेमतेम लागतं. फोटोवर बोट ठेवून विचारलं, "हे आता छापलं. हे पुसता येते काय?"

"छापल्यावर कायचं पुसते?"

"मंग राहू दे."

"म्हंजे?"

"अवं राहू दे म्हनलं ना. कोनाले काई बोलजो नको. तुले जमन काय एवढं?" नलूच्या तोंडाला हे जड होतं, पण तिनं ते केलं, आणि ही त्या सगळ्यातली मला सगळ्यात न पटणारी गोष्ट आहे.

ग्रामपंचायतीच्या पटांगणात सत्काराचा मांडव पडला. तहसिलीचे साहेब आले. सुमीत पायाला प्लॅस्टर बांधून आला, मैत्रेयी आणि निशांत आले. समोर बायका, मागं गडी. हिरालालला शाल, नारळ, हार. त्याची बायको सपना पुढच्या रांगेत, ओवाळायचं ताट घेऊन. पेपरवाला कॅमेरा घेऊन. रूपरावानं भाषण केलं, आमच्या गावाची परंपरा वगैरे. साहेब म्हणाले, रूढीच्या पलीकडं जाऊन हिरालालजींनी स्वतः हाती अवजार घेतलं, हा आदर्श आहे. हिरालालनं नम्रपणे मान खाली घातली.

मैत्रेयी ताडकन उभी राहिली. "सर, हे खोटं आहे. बांध या मावशींनी—"

"बस खाली, पोट्टे," सुलोचनाबाईचा आवाज आला.

ती बायकांतून उठली. हिरालालच्या गळ्यातला हार हलायचा थांबला. सगळ्यांना वाटलं, आता हे लागलं.

"बांध हिरालालभाऊनं फोडला," ती म्हणाली. "आमी बाया नुसत्या पाह्यत होतो. मोठ्या मनाचा मानूस हाये, साहेब."

हिरालालच्या चेहऱ्यावर काय आलं ते सांगता येत नाही. आनंद येऊ बघत होता आणि त्याला वाट सापडत नव्हती. तेवढ्यात पुढून रुख्माबाईनं काठी आपटली.

"हिरालाल. पंचमीच्या दिवशी तुह्या हातानं खनलं तू?"

हिरालालनं गळ्यातला हार सारखा केला.

"लोखंडानं खनलं? खरं सांगजो बाबू. पेपरात त तसंच हाये म्हन्तात."

साहेब बघत होते. पेपरवाल्यानं कॅमेरा उचलला. हिरालालनं एकदा सुलोचनाबाईकडं पाहिलं. तिच्या तोंडावर माशीसुद्धा हलत नव्हती.

"जिवाचा सवाल होता, मावशी," तो म्हणाला.

"म्हंजे खनलं."

"हो."

"मंग पाप तुह्या घरावर गेलं," रुख्माबाई म्हणाली. "खनल्याचं पाप एकाच गोष्टीनं फिटते. जे मोकळं केलं थे पुन्हा बुजवाचं नाई. बुजवलं त नाग घर शोधत येते."

सपनानं ताट खाली ठेवलं आणि मांडवात, साहेबांसमोर, नवऱ्याला म्हणाली, "अहो, थो बांध आता पुन्हा नाई बांधाचा. घरात लेकरंबाळं हायेत माह्या."

"सपना, इथं नाई—"

"इथंच सांगा. मी आयकल्याशिवाय घरी नाई येनार."

"बोललाच हाये थो मले," सुलोचनाबाई म्हणाली. "नाला आता जुन्या वाटेनंच जाईन म्हने, कायमचा. लिवून घेजो, पेपरवाले भाऊ. मोठ्या अक्षरात लिवजो."

साहेबांना यातलं काहीच कळलं नाही. ते उठून उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले. साहेबांनी वाजवल्या म्हणून रूपरावानं वाजवल्या, रूपरावानं वाजवल्या म्हणून गावानं. हिरालालनं हात जोडले. दुसरं काय करणार होता?

JCB दुरुस्त होऊन आला, पण बांधाकडं फिरकला नाही. सपना रोज संध्याकाळी विचारते म्हणतात. नाला बगीच्याच्या मधून जातो, दोन्ही काठांना उरलेली झाडं आणि मध्ये वाळू. सांडवा कोरडा. हिरालाल रस्त्यानं भेटला तर सुलोचनाबाईला राम राम घालत नाही. तीही घालत नाही. सरपंच म्हणतो, गावात एकी राहिली नाही.

तिच्या वावरात त्या साली एक बोंड आलं नाही. येणार कुठून, मातीच नव्हती. दिवाळी झाल्यावर नलू तिच्या धुऱ्यावर आली, तेव्हा सुलोचनाबाई घमेल्यात दगड भरून कडेला नेऊन टाकत होती.

"शाल त्याले, फोटू त्याले," नलू म्हणाली. "तुले काय भेटलं वं?"

"यंदा गोटे भेटले," सुलोचनाबाई म्हणाली. "उभी काऊन हायेस? उचलू लाग."